सूर्यनमस्कार १०८ होतात, पण दोन मिनिटं शांत बसवत नाही. पुढे कसं जायचं?

शिलाईवाली_नाशिकरोड

नमस्कार मंडळी. वय ४४. घरीच ब्लाउज शिवते. लग्नसराईत दहा-दहा तास मशीनवर जातात. मान आणि कंबर दोन्ही बोलायला लागल्या म्हणून तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या हॉलमधल्या सकाळच्या योगवर्गाला जायला लागले. खरंच फरक पडला. आधी वाकून पायाचे अंगठे दिसायचे तेवढेच, आता तळवे जमिनीला टेकतात. भिंतीच्या आधाराने शीर्षासन जमतं. यंदा रथसप्तमीला १०८ सूर्यनमस्कार घातले, २७ मिनिटांत. सरांनी मोबाइलवर वेळ लावली होती, वर्गात तिसरी आले. घरी येऊन साबुदाण्याची खिचडी दोन वाट्या खाल्ली हेही प्रामाणिकपणे सांगते.

आता अडचण. नमस्कार, आसनं सगळं झाल्यावर सर अनुलोम-विलोम घेतात. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला माझा जीव घाबरा होतो. मध्येच तोंड उघडून एक मोठा घोट हवा घ्यावी लागते, शेजारचीला ऐकू जाईल एवढा. भस्त्रिकेत, म्हणजे जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्यात, बोटांना मुंग्या येतात. आणि शवासनात तर कहर. अंग पडलेलं असतं, डोक्यात मात्र कुणाचा हुक राहिलाय, कुणाच्या अस्तराचं कापड कमी पडलंय. नाहीतर सरळ घोरते.

सरांना विचारलं तर म्हणाले, "मन एकाग्र करा." ते जमलं असतं तर विचारलं कशाला असतं?

वर्गातल्या बाकीच्या आता पुढच्या बॅचला चालल्यात, तिथे मयूरासन वगैरे घेतात. मीही जावं का? की आधी हे निस्तरावं? हालचाल, मग श्वास, मग स्थिरता असा काहीतरी क्रम असतो म्हणतात. तो प्रत्यक्षात कसा करायचा हे कुणी साध्या भाषेत सांगेल का?

तालमीतला_गडी (कोल्हापूर)

ताई, २७ मिनिटांत १०८ म्हंजे नाद खुळा! आमच्या तालमीतली पोरं पण दमतील. कशाला डोक्याला ताप करून घेता? अंग कमावलंय ते टिकवा. औंधच्या राजेसाहेबांनी नमस्कार गावोगाव पोचवले ते व्यायाम म्हणूनच, नाक धरून बसायला नव्हे. घाम निघाला, भूक लागली, झोप आली, काम झालं. श्वासाचं श्वास बघून घेतोय. जन्मल्यापासनं बघतोयच की.

ग्राइंडरकाका_चिंचवड

ताई, तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. २७ मिनिटांत १०८, म्हणजे मिनिटाला चार नमस्कार. एका नमस्कारात बारा स्थिती. एकीला घ्यायचा, दुसरीला सोडायचा असं ढोबळ धरलं तर सहा श्वास. चार नमस्कारांचे चोवीस. निवांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. म्हणजे रोज सकाळी तुम्ही श्वासाला आधी पळवता आणि त्याच घामात मांडी घालून त्याला सांगता, आता सावकाश चाल. तो घोट हवा मागणारच. त्यात तुमचं काही चुकत नाही आणि मनाच्या एकाग्रतेशी त्याचा काडीचा संबंध नाही. (खरं तर तुम्ही श्वास जोडून नमस्कार घालतच नसाल. त्या वेगात कुणीच घालत नाही. जमेल तिथे ओढायचा, जमेल तिथे टाकायचा, आणि भुजंगासनातून वर येताना कोंडून धरायचा. बघा आठवून.)

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. चौतीस वर्षं कारखान्यात सिलिंड्रिकल ग्राइंडर चालवला, म्हणजे गोल धातूचा भाग फिरत्या दगडावर घासून मापात आणायचं मशीन. आता ६८. एक्केचाळिसाव्या वर्षी कंबर धरली, खाली वाकून बुटाची लेस बांधता येईना. शेजाऱ्यांनी योग सुचवला. मी लोणावळ्याला शिकायला गेलो, त्यामागे फार विचार नव्हता. पहिली पाळी सुटली की चिंचवडहून लोकल सरळ तिथे जायची. तिथल्या कैवल्यधाम या योगसंस्थेचं नाव पुढे कळलं, आणि तीही किती जुनी, १९२४ ची. ती काढणारे स्वामी कुवलयानंद म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. तालमीतले भाऊ, तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो, हा माणूस आधी व्यायामातलाच. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेला. दंड-बैठका काय असतात हे पक्कं ठाऊक असल्यामुळेच त्यांनी व्यायाम एका बाजूला आणि आसन दुसऱ्या बाजूला ठेवलं. दोन्ही करा म्हणाले, पण एकाचं काम दुसऱ्याकडून घेऊ नका.

आता मुद्द्यावर येतो. तुम्ही शिवणकाम करता, मशीनची भाषा कळेल.

ग्राइंडिंगला जॉब, म्हणजे घासायचा भाग, साइजच्या जवळ आला की फीड, म्हणजे दगड आत सरकवणं, बंद करायचं. दगड फिरत असतो, कूलंट पडत असतं, पण आत ढकलणं थांबवायचं. ठिणग्या आधी भरपूर उडतात, मग विरळ होतात, मग एखाददुसरी, मग बंद. याला आम्ही स्पार्क आउट म्हणतो. नवीन पोरगा हमखास इथेच चुकतो. त्याला वाटतं आता काही होत नाहीये, तो ठिणग्या असतानाच दगड मागे घेतो. जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला की जॉब दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे केसाहून कितीतरी कमी, पण जाड भरतो. कारण दाबाखाली जॉबही किंचित वाकलेला असतो आणि मशीनही. तो दाब सुटायला वेळ द्यावा लागतो. खरी साइज त्या काहीच होत नसल्याच्या वेळात येते.

तुम्ही पश्चिमोत्तानासनात पुढे वाकता. हात पोटऱ्यांपर्यंत येवोत की तळव्यांपर्यंत, माझ्या मते त्याला महत्त्व शून्य. जिथवर आलात तिथे फीड बंद करा. आणखी अर्धा इंच नको. आता ठिणग्या मोजा. दात आवळलेत? पायाची बोटं मुडपलीत? खांदे कानाकडे गेलेत? भुवयांमध्ये आठी? एकेक आपोआप विझते, हुकूम द्यावा लागत नाही, फक्त तिकडे बघत बसायचं. सगळ्यात शेवटी विझतो तो श्वासातला खरखरीतपणा. तो गेला की आसन झालं. पतंजलींच्या सूत्रात प्रयत्नशैथिल्य असा शब्द आहे. पुस्तकात मी तो दहा वेळा वाचला होता, अर्थ मात्र एका रात्रपाळीत दगडासमोर उभा असताना लागला.

आता क्रमाचं. वर्गात असतो तसा तीन डब्यांचा क्रम डोक्यातून काढा: आधी आसनांचा तास, मग प्राणायामाची दहा मिनिटं, मग शवासनाची पाच. मी सुरुवातीपासून तिन्ही एकत्र धरतो. सोपी गोष्ट सांगतो, महिनाभर सकाळी हीच करा.

सरळ उभ्या राहा. श्वास घेत हात समोरून वर, सोडत खाली. एवढंच. पण त्यात एक मेख आहे. श्वास आधी निघाला पाहिजे, हात त्याच्या मागून. वर जाताना हात आधी पोचले पाहिजेत, श्वास क्षणभर नंतर संपला पाहिजे. येतानाही तसंच. म्हणजे हालचाल श्वासाच्या पोटात बसली पाहिजे, जशी उशी अभ्र्यात बसते. अभ्रा उशीपेक्षा थोडा मोठाच शिवता ना? तसं. म्हैसूरला आणि पुढे मद्रासला शिकवणाऱ्या कृष्णम्माचार्यांच्या परंपरेत यावर फार भर आहे.

बारा वेळा करा. पहिल्या चार-पाचांत जमेल. सातव्याला हात घाई करतील, श्वास संपायच्या आत खाली आलेले असतील. तिथे कळेल की आजवर तीन वर्षं हात पुढे होते आणि श्वास फरफटत मागे. चिडू नका. हात हळू करा, श्वास ओढून लांब करू नका. हा फरक नीट वाचा. लहान श्वास असेल तर हात खांद्यापर्यंतच न्या, तिथूनच खाली आणा. श्वासाला बसेल एवढीच हालचाल.

मग नमस्कार. मी रोज सहा घालतो. प्रत्येकाला मिनिटभर लागतं, कधी जास्त. तुमच्या हिशेबाने त्या वेळात चोवीस झाले असते. मी कासव आहे, चालतंय. कसोटी अशी: कुठल्याही स्थितीत कुणी हाक मारली तर साध्या आवाजात ओ देता आली पाहिजे. आणि सहावा संपल्यावर श्वास पहिल्याच्या आधी होता तसाच असला पाहिजे, नाहीतर उद्या पाच.

इथवर आलं की थांबणं अवघड जात नाही. तोच नमस्कार, फक्त पर्वतासनात, म्हणजे हात-पाय जमिनीला आणि कंबर वर त्या स्थितीत, एकाऐवजी तीन श्वास. मग पाच. पुण्यात अय्यंगार गुरुजी १९३७ साली आले, तेही कृष्णम्माचार्यांचेच शिष्य, पण त्यांनी थांबण्याचंच शास्त्र केलं. लोड, पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या हे सगळं कशासाठी, तर शरीर धडपड न करता स्थितीत राहावं म्हणून. लोक त्याला आजाऱ्यांचा योग म्हणून हसायचे. ज्यांनी खुर्चीवरचं सर्वांगासन दहा मिनिटं केलंय ते हसत नाहीत. आणि प्राणायाम त्यांच्याकडेही आसन मुरल्यावर, तोही आधी आडवं पडून, पाठीखाली घडी घालून.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुम्ही त्याच वाटेवर आहात. पंधराएक वर्षांपूर्वी एका शिबिराला गेलो. मंचावरून माइकवर आकडे: चार घ्या, सोळा धरा, आठ सोडा. समोर दोनशे माणसं, त्यात बीपीवाले किती, दमेकरी किती, कुणी विचारलं नाही. मला चेव आला. घरी वाढवत वाढवत सोळा-चौसष्ट-बत्तीसवर नेलं. घड्याळ पुढ्यात ठेवून. सहा महिने मी मित्रांना चौसष्टचा आकडा सांगत फिरलो. मग डोकं ठणकायला लागलं, कानात शिट्टी, रात्री दोनला टक्क जाग. बारीकसारीक गोष्टींवर खेकसायला लागलो. बायको म्हणाली, "पूर्वी कंबर दुखायची तेव्हा बरे होतात." ते मात्र लागलं मला.

हठयोगाच्या जुन्या ग्रंथात याचा दाखला आहे. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळवायचे तसा प्राण, नाहीतर तो साधकालाच मारतो. त्याच ग्रंथात आसनं मोजून पंधरा आहेत, त्यांतली बरीच बसायची. सूर्यनमस्कार त्यात नाहीत. मयूरासन आहे, म्हणून विचारलंत तर: ते केल्याने तुमचा अनुलोम-विलोमातला घोट थांबणार नाही.

मी चार महिने सगळं बंद केलं. मग नुसता उताणा पडून पोटावर हात ठेवून श्वास बघायला लागलो. लांब करायचा नाही, मोजायचा नाही. फक्त सोडून झाला की नवीन स्वतःहून कधी येतो ते बघायचं. पहिले काही दिवस मध्ये फटच नव्हती. सुटला की लगेच दुसरा हजर, भरतीच्या लाटांसारखा. बऱ्याच दिवसांनी शेवटाला किंचित सपाट जागा दिसली. तिथे काही करायचं नसतं. तुम्ही तिला धरायला गेलात की ती गेली. फीड बंद ठेवायचं.

त्यानंतर अनुलोम-विलोम घ्या. घेणं आणि सोडणं सारखं, कुंभक, म्हणजे श्वास धरून ठेवणं, नाही. जमलं की सोडणं थोडं लांब. एकास दोन हे ध्येय, पहिल्या दिवसाचं काम नव्हे. तोंड उघडावंसं वाटलं की थांबायचं, हात खाली, दोन साधे श्वास, मग पुढे. ती हार नाही, तुमच्या मशीनचा दोरा तुटला की तुम्ही पॅडल मारत राहता का?

शवासनात झोप लागते त्याला साधी युक्ती. एका हाताचं कोपर जमिनीला, पंजा वर छताकडे, हात सैल उभा. डुलकी लागली की हात पडतो आणि जाग येते. आठवड्याभरात गरज उरत नाही. आणि कंबर दुखते तर पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून पडा. हुकाचे विचार येतील, येऊ द्या. त्यांच्याशी भांडणं म्हणजे परत फीड देणं.

लांबलं फार. सवय आहे.

फिजिओ_मिरज

काकांनी लिहिलंय त्यात दोन गोष्टींची भर घालते.

बोटांच्या मुंग्या. भस्त्रिकेत जोरजोरात, गरजेपेक्षा जास्त श्वास होतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, गरगरतं. कुंडलिनी वगैरे काही जागी होत नाही. मुंग्या आल्या की थांबायचं, इतकं सरळ आहे. अनुलोम-विलोमात उलटं होतं. श्वास सावकाश केला की कार्बन डायऑक्साइड थोडा चढतो, आणि "हवा दे" ही मेंदूची ओरड बहुतेक वेळा त्याच्यामुळे असते, ऑक्सिजन संपल्यामुळे नाही. सवयीने ती ओरड उशिरा येऊ लागते. सवय मात्र काका म्हणतात तशीच, थोडी थोडी.

दुसरं, आणि हे जरा रागावून लिहिते. ताई, मान दुखते म्हणून योग सुरू केलात आणि आता शीर्षासन करता? दिवसभर मान खाली घालून मशीनवर, सकाळी त्याच मानेवर अंगाचा भार. मान तपासून घेईपर्यंत ते बंद. बीपी आणि डोळ्यांचा काचबिंदू नाही ना, तेही बघून घ्या. त्याऐवजी हे करा: मोठा टॉवेल घट्ट गुंडाळून पाठीच्या कण्याच्या रेषेत, कंबरेपासून डोक्यापर्यंत, आणि त्यावर उताणं पडायचं पाच मिनिटं, हात बाजूला पसरून. शिवणाऱ्या बायकांच्या छातीचा पुढचा भाग इतका आखडलेला असतो की फासळ्या उघडतच नाहीत. मग श्वास लांब होणार कुठून? जागाच नसते.

तालमीतला_गडी (कोल्हापूर)

काका, गुणे माणिकरावांच्या आखाड्यातले हे ठाऊक नव्हतं. मानलं. पण एक विचारतो. सहा नमस्कारांनी दम काय वाढणार? आमचे वस्ताद म्हणायचे, दम मातीतच वाढतो.

ग्राइंडरकाका_चिंचवड

बरोबर बोलले वस्ताद. दम वाढवायचा तर बैठका मारा, जिना चढा, माती उकरा. मी संध्याकाळी दुर्गाटेकडी चढतो ती त्यासाठीच. सकाळचे सहा नमस्कार दमासाठी नाहीतच. ताईंनी विचारलं होतं शांत का बसवत नाही, म्हणून ते लिहिलं. ताईंनीही रथसप्तमीला १०८ जरूर घालावेत. वर्षातून एकदा खिचडी दोन वाट्या खायला काय हरकत आहे. फक्त त्याच दिवशी वर लगेच अनुलोम-विलोम नको. घाम सुकू द्या.

फिजिओताई, टॉवेलची युक्ती मी आजच करून बघितली. झोप लागली. हात वर ठेवायचा विसरलो.

शिलाईवाली_नाशिकरोड

तीन आठवड्यांनी परत येतेय. दोन लग्नांची शिलाई होती, रात्री अकरापर्यंत मशीन चालू.

शीर्षासन बंद केलं. मान डॉक्टरांना दाखवली, मणक्यात थोडी झीज आहे म्हणाले. फिजिओताई, तुम्ही रागावलात ते बरं झालं.

हात वर-खाली करायचं सुरू केलं. काका, सातव्याला नाही, माझं तिसऱ्यालाच बिघडलं. हात आपले धावतातच. पहिले चार दिवस इतका कंटाळा आला की वाटलं, यापेक्षा शंभर नमस्कार परवडले. आता नऊपर्यंत जातं. वर्गात मी सरांच्या मोजणीला सोडून मागच्या रांगेत माझे सहा घालते. सरांनी विचारलं, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं बरी आहे. मैत्रिणी पुढच्या बॅचला गेल्या. वाईट वाटलं थोडं, खोटं कशाला सांगू.

पण खरी गोष्ट वेगळीच सांगायची होती. मागच्या मंगळवारी गळ्याला पायपिंग लावत होते, पैठणीच्या ब्लाउजला. गोल गळा, मागून खोल. पायपिंग लावताना कापड तिरकं धरून, बोटाने दोरी आत दाबत, सुईच्या अगदी कडेकडेने जावं लागतं. एक सूत हलली तर सगळं उसवा. निम्म्या गळ्यावर माझ्या लक्षात आलं, मी श्वासच घेत नव्हते. पॅडल थांबवलं तेव्हा भसकन एक घोट हवा आत गेली. तोच घोट, अनुलोम-विलोमातला! मग दिवसभर बघितलं. सुईत दोरा ओवताना श्वास बंद. काजं करताना बंद. गिऱ्हाईक बाई आरशासमोर फिटिंग बघत असते तेव्हा तर पूर्ण बंद. बावीस वर्षं शिवतेय, म्हणजे बावीस वर्षं दिवसातून शंभर वेळा.

आता पायपिंग लावायच्या आधी एक श्वास सोडते, आणि सोडत सोडत पॅडल मारते. दोन-तीन इंच झालं की थांबते. वेळ थोडा जास्त लागतो. टाका सरळ येतो, हे मात्र नवल.

अनुलोम-विलोम अजून आठ आवर्तनांवर थांबते. कुंभक कधी सुरू करू?

ग्राइंडरकाका_चिंचवड

वाचून खुर्चीतून उठलो. मायक्रोमीटर लावताना मीसुद्धा श्वास धरायचो. सगळ्या ग्राइंडरवाल्यांचं तेच. शेजारच्या मशीनवरच्या मित्राला विचारलं होतं, तो म्हणाला, धरला नाही तर काटा हलतो. काटा श्वासाने हलत नाही हो, धरलेल्या हाताने हलतो.

टाका सरळ येतो त्यात नवल नाही. सोडताना अंग थोडं सैल पडतं, नाडीही किंचित मंदावते. मी घेताना आणि सोडताना मनगटावर बोट ठेवून बघितलंय, तुम्हीही बघा.

कुंभकाचं माझ्याकडून लिहून घेऊ नका. ते समोर बसवून, तुमचा चेहरा बघत शिकवणारं माणूस मिळालं तर करा, नाही मिळालं तर वर्षभर त्यावाचून काही अडत नाही. पायपिंगचं वाचून वाटतं, तुमचा फुकटचा कुंभक सुटतोय. आधी तो सुटू दे. सध्या आठ आहेत ना आवर्तनं, आठच ठेवा. नऊ करायची घाई आली की हात वर-खालीवर परत या.

मणक्याच्या झिजेमुळे पुढे झुकताना मान लटकवू नका, पर्वतासनात कपाळाखाली लोड घ्या. घरी लोड नसेल तर गोधडीची गुंडाळी चालते.

फिजिओ_मिरज

आणि मशीनचं स्टूल किती उंच आहे ते मोजून सांगा. बहुतेक दोन इंच कमी असणार.

शिलाईवाली_नाशिकरोड

साडेपंधरा इंच. खाली जुनी उशी घेते कधीकधी, अभ्रा नसलेली 🙂

तालमीतला_गडी (कोल्हापूर)

गप्प बसवेना म्हणून लिहितो. काल माती झाल्यावर कुणी बघत नाही असं बघून हात वर-खाली केलं, काकांनी सांगितलं तसं. बाराला बारा होतील म्हटलं, त्यात काय. चौथ्याला हात पुढं, श्वास मागं. परत सुरू केलं, पाचव्याला तेच. तेवढ्यात वस्ताद आले, म्हणाले, "काय रे, कावळे हाकलतोयस?"

उद्या पहाटे लवकर जातो.